आजीचा आजोबा होऊ नये म्हणून: फ्रेंचमधली वयाची विशेषणं, नवशिक्यांसाठी

फ्रेंचमध्ये मी पहिल्यांदा आजीबद्दल बोलले आणि तिचा आजोबा करून टाकला. पुण्यातला संध्याकाळचा वर्ग, तोंडी परीक्षेची रंगीत तालीम, समोर बाई. मी ठणकावून म्हणाले, 'मा ग्राँ-मेर ए व्ह्यो.' म्हणजे 'माझी आजी म्हातारा आहे'. बाई हसल्या नाहीत. शांतपणे विचारलं, 'आणि आजोबा?' काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, म्हणून घाईघाईने रूप बदललं: 'मों ग्राँ-पेर ए व्ह्येय.' आजोबा म्हातारी झाले. मग मात्र अख्खा वर्ग हसला.

घरी कुठलंही तीन वर्षांचं पोर 'म्हातारा आजी' म्हणत नाही. मग मी का म्हणाले? कारण वर्गात फ्रेंच शिकवलं जायचं इंग्रजीतून, आणि इंग्रजीत 'ओल्ड' हा शब्द आजीला, आजोबांना आणि पडक्या वाड्याला एकाच रूपात लागतो. आम्ही सगळे मराठी बोलणारे लोक, लिंगाप्रमाणे विशेषण बदलायची सवय जन्मजात असलेले, इंग्रजीच्या दारातून फ्रेंचमध्ये शिरत होतो आणि ती सवय चपलांसारखी बाहेर काढून ठेवत होतो. अकरावीला 'स्कोरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेल्या किती मुलांना हे आठवेल! तेव्हा या लेखात मी सगळीकडे मराठीचाच हात धरणार आहे. जिथे मराठी दगा देते तेही सांगेन.

हाताशी काय हवं

एक वही आणि दोन रंगांची पेनं, एक पुल्लिंगासाठी, एक स्त्रीलिंगासाठी. एक शब्दकोश, ज्यात प्रत्येक नामापुढे लिंग दिलेलं असतं. ते न बघता नाम पाठ करू नका. फोनवर फ्रेंच कीबोर्ड चालू करून घ्या. नाहीतर साध्या कीबोर्डवर 'ई' हे अक्षर दाबून धरलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेले ई वर येतात. ती रेघ म्हणजे नक्षी नाही, ती गाळली की शब्द चुकतो. आणि घरच्यांचा एक मोठा फोटो, ज्यात आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे आहेत. तो शेवटी लागेल.

उच्चारांबद्दल आधीच ठरवून टाकू. खाली मी फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त्यातला 'ज' म्हणजे 'टेलिव्हिजन'मधला ज, 'झ' म्हणजे 'झूम'मधला झ. चंद्रबिंदू किंवा अनुस्वार दिसला की आवाज नाकातून काढायचा, 'न' म्हणायचा नाही. 'व्ह्यो' म्हणताना ओठ 'ओ'साठी गोल करा आणि आतून 'ए' म्हणा. सुरुवातीला आरशासमोर विचित्र वाटेल, पण जमतं. खरं स्पेलिंग तुमच्या पुस्तकातून शेजारी उतरवून घ्या, कारण फ्रेंचमध्ये अर्धा व्याकरणाचा खेळ न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांतच चालतो.

१. आधी आकडा सांगायला शिका

विशेषणांकडे जाण्याआधी ही पायरी पक्की करा. डेल्फ ए-वन या फ्रेंचच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत, तोंडी भागाची सुरुवातच स्वतःची ओळख करून देण्याने होते, आणि त्यात वय येतंच.

'मी वीस वर्षांची आहे' यातला 'आहे' बघून लोक 'ज स्वी' (मी आहे) ने सुरुवात करतात. फ्रेंचमध्ये वय 'असत' नाही, ते 'जवळ असतं'. 'जे व्हँताँ', म्हणजे शब्दशः 'माझ्याजवळ वीस वर्षं आहेत'. इथे बोलणारा पुरुष असो की बाई, वाक्य तेच. लिंगाची कटकट नाही.

दोन सापळे. पहिला: आपण 'ती बत्तीसची आहे' म्हणून वर्षं गाळतो. फ्रेंचमध्ये 'आँ' (वर्षं) गाळता येत नाही. नुसतं 'माझ्याजवळ वीस' म्हणालात तर समोरचा 'वीस काय?' म्हणून वाट बघत राहील. दुसरा: आपल्याकडे आजीला ऐंशीवं लागलं की आपण तिला ऐंशीची करून मोकळे होतो. फ्रेंच माणूस पूर्ण झालेली वर्षं मोजतो, म्हणजे आजी अजून एकोणऐंशीचीच. 'लागलं' हेच सांगायचं असेल तर त्यांच्याकडेही सोय आहे: 'एल व्हा स्यूर से व्हँताँ', ती आपल्या विसाव्याकडे चाललीय, म्हणजे तिला विसावं लागलं.

आकड्यांना घाबरू नका. एकोणऐंशीसाठी ते 'साठ-दहा-नऊ' म्हणतात (स्वासाँत-दीझ-नफ) म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी 'एकोणऐंशी' या शब्दाकडे एकदा नीट बघावं. आपण तरी ऐंशीतून एक वजाच करतो. आणि ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार विसा. बाजारात विसांनी मोजणाऱ्या जुन्या पिढीच्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' असे सरळ शब्द आहेत, तिकडे जाणाऱ्यांचं नशीब. लिहिताना एवढं लक्षात ठेवा की पूर्ण ऐंशीच्या शेवटी 'एस' लागतो, पुढे आणखी आकडा आला की तो गळतो.

'वर्षांचा' आणि 'वर्षांची' हा फरकही फ्रेंचमध्ये नाही. दहा वर्षांचा मुलगा 'अँ गार्सों द दीझाँ', दहा वर्षांची मुलगी 'युन फीय द दीझाँ'. साडेतीन वर्षांच्या मुलीबद्दल लिहिताना 'अर्धा' या शब्दाला उगाच स्त्रीलिंगी 'ई' जोडू नका. तो 'अर्धा' वर्षाचा आहे, मुलीचा नाही, आणि 'आँ' पुल्लिंगी आहे. ही चूक मी इतक्या वेळा केली की आमच्या बाईंनी शेवटी लाल पेनाने नुसतं उद्गारचिन्ह काढायला सुरुवात केली.

२. 'तरुण' आणि 'म्हातारा' असे दोन गट पाडा

मराठीत वयाची विशेषणं दोन जातींची आहेत. 'आ'ने संपणारी बदलतात: म्हातारा-म्हातारी, थोरला-थोरली, धाकटा-धाकटी, जुना-जुनी. बाकीची ढिम्म हलत नाहीत: तरुण मुलगा, तरुण मुलगी, वृद्ध, वयस्कर, प्रौढ. फ्रेंचमध्ये नेमकी हीच विभागणी आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही भाषांत 'तरुण' न बदलणाऱ्यांत आणि 'म्हातारा' बदलणाऱ्यांत पडतो. वहीचं एक पान मधोमध दुमडा.

न बदलणाऱ्यांच्या बाजूला लिहा: 'जन' (तरुण), 'आद्यूल्त' (प्रौढ) आणि शतायुषींसाठीचा 'साँतनेर'. या सगळ्यांच्या शेवटी मुळातच न उच्चारलेला 'ई' आहे, म्हणून स्त्रीलिंगासाठी आणखी एक लावायचा प्रश्न येत नाही. 'नेर'ने संपणारं अख्खं कुटुंब इथेच बसतं: तिशीतला किंवा तिशीतली 'त्राँतनेर', ऐंशीच्या घरातला 'ऑक्तोजेनेर'. लिंग कळतं ते आधीच्या 'अँ' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'युन' (स्त्रीलिंगी 'एक') वरून. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ १९९७ साली १२२ वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांच्याबद्दल 'युन साँतनेर' असंच लिहिलं जाईल, विशेषणाला हात न लावता.

'जन' लिहिताना एक गंमतशीर खड्डा आहे. मधल्या 'यू'वर टोपी चढवलीत तर शब्द बदलतो आणि त्याचा अर्थ होतो 'उपवास'. सकाळ-दुपारच्या जेवणासाठीचा 'देजने' हा शब्द त्याच उपवासावरून आला, उपवास सोडणे. एका मैत्रिणीने 'आमच्या इमारतीत पुष्कळ तरुण राहतात' असं लिहायला घेतलं आणि इमारतीत पुष्कळ उपवास राहायला आले.

बदलणाऱ्यांची यादी लांब आहे, पण बहुतेकांची रीत एकच: शेवटी 'ई' जोडा. बोलताना काय होतं ते मात्र तीन तऱ्हांचं:

— काहींत काहीच ऐकू येत नाही. 'आजे' (वयस्कर), 'माजर' (सज्ञान), 'मिनर' (अज्ञान) यांची दोन्ही रूपं कानाला सारखीच. चूक फक्त कागदावर पकडली जाते.
— काहींत शेवटचं झोपलेलं व्यंजन जागं होतं. 'पती' (छोटा) ची 'पतीत' होते, 'ग्राँ' (मोठा) ची 'ग्राँद'.
— काहींत नाकातला आवाज मोकळा होतो. 'आँस्यँ' (जुना, माजी) ची 'आँस्येन'.

'पती' म्हणजे छोटा आणि 'पतीत' म्हणजे छोटी, हे घरी सांगून बघा, विसरायची सोय राहत नाही.

३. 'व्ह्यो' वर एक अख्खी संध्याकाळ घालवा

सगळ्यात जास्त लागणारा आणि सगळ्यात वाकडा शब्द हाच. आणि इथे मराठीत नसलेलं एक रूप आहे.

पुल्लिंगी एकवचन 'व्ह्यो': व्ही-आय-ई-यू-एक्स. स्त्रीलिंगी 'व्ह्येय': व्ही-आय-ई-आय-एल-एल-ई. आता तिसरं. पुल्लिंगी नाम स्वराने, किंवा मुक्या 'एच'ने (जो नसल्यासारखाच धरतात) सुरू होत असेल आणि विशेषण त्याच्या लगेच आधी असेल, तर 'व्ह्यो'चं 'व्ह्येय' होतं, पण स्पेलिंग वेगळं: व्ही-आय-ई-आय-एल, बस, तिथेच थांबायचं. उच्चार हुबेहूब स्त्रीलिंगासारखा, लिंग मात्र पुल्लिंग. म्हातारा माणूस 'अँ व्ह्येयॉम', जुनं झाड 'अँ व्ह्येयार्ब्र'. दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, क्रियापदानंतर हे रूप वापरायचं नाही. 'हा माणूस म्हातारा आहे' म्हणताना 'सेतॉम ए व्ह्यो'. पुढे नाम नाही, आपटायला काही नाही, म्हणून साधं रूप.

दोन, अनेकवचनात हे तिसरं रूप नाहीसं होतं. पुल्लिंगी अनेकवचन पुन्हा 'व्ह्यो'च, कारण एक्स आधीच आहे, त्याला 'एस' लागत नाही. पण पुढे स्वर आला की तो एक्स 'झ'सारखा बोलतो: 'द व्ह्योझामी', जुने मित्र. हो, 'दे' ('अँ' आणि 'युन'चं अनेकवचन) नाही, 'द'. अनेकवचनी विशेषण नामाच्या आधी आलं की 'दे'चा 'द' होतो.

तीन, 'एच'ने सुरू होणारा प्रत्येक शब्द मुका नसतो. 'ऑम' (माणूस) मुका. 'एरो' (नायक) मात्र नाही, म्हणून म्हातारा नायक 'व्ह्यो एरो', 'व्ह्येय' नव्हे. कुठला 'एच' कुठल्या जातीचा हे ओळखायला नियम नाही. बहुतेक शब्दकोश त्यापुढे खूण करतात, ती बघायची.

हे एकदा पचलं की 'नूव्हो' (नवा) फुकटात मिळतो, कारण त्याचा साचा तोच: पुल्लिंगी नूव्हो, स्वराआधी नूव्हेल, स्त्रीलिंगी नूव्हेल पण एक 'एल' आणि 'ई' जास्त. नवं वर्ष 'नूव्हेलाँ' का, हे आता कळलं असेल. 'बो' (सुंदर) चंही तसंच.

मराठीची मदत इथे एका बाबतीत मिळत नाही. आपण माणसाला आणि जनावराला म्हातारा म्हणतो, वस्तूला जुनी. 'म्हातारं घर' म्हटलं तर कविता होईल, 'जुना आजोबा' म्हटलं तर कानफटात बसेल. फ्रेंच 'व्ह्यो' दोन्हीकडे चालतो. म्हातारी बाई 'व्ह्येय दाम', गावाचा जुना भाग 'व्ह्येय व्हील', मार्सेयच्या जुन्या बंदराचं नावच 'व्ह्यो पॉर'. अर्थ नामावरून काढायचा. पण 'अँ व्ह्येयामी' म्हणजे वयाने म्हातारा मित्र नव्हे, तो जुना मित्र, शाळेतलाही असेल. मित्राचं वय सांगायचं असेल तर 'अँनामी आजे'. आणि 'व्ह्येय फीय' हे शब्दशः 'म्हातारी मुलगी' दिसत असलं तरी ते लग्न न झालेल्या बाईला मारलेलं टोमण्याचं नाव आहे. कुणासाठीही वापरू नका.

४. समोर माणूस असेल तर 'आजे'

'तुमची आई फार म्हातारी आहे' असं आपण कुणाच्या तोंडावर म्हणत नाही. 'वयस्कर आहेत', 'वय झालंय त्यांचं' म्हणतो. फ्रेंचमध्ये तो आदर 'आजे' या शब्दात आहे. फ्रान्समध्ये मी घरमालकिणीला कौतुकाने म्हणाले, की तुमची आई इतकी म्हातारी असूनही जिने चढते, आणि 'व्ह्येय' वापरलं. व्याकरण अचूक होतं, लिंग अचूक होतं, आणि चहा लवकर संपला.

'आजे'ची जागा लक्षात ठेवा. 'जन', 'व्ह्यो', 'नूव्हो' नामाच्या आधी येतात, मराठीसारखेच. 'आजे' नेहमी नामाच्या नंतर. स्त्रीलिंगात शेवटी आणखी एक 'ई': पहिल्यावर तिरकी रेघ, दुसरा बोडका. पुढे 'द' लावून वयही सांगता येतं. बातम्यांत '३५ वर्षं वयाचा इसम' या थाटात ते सतत भेटतं. स्वतःबद्दल बोलताना असं बोललात तर पोलीस पंचनामा वाटेल, तिथे पहिल्या पायरीचं साधं वाक्यच बरं.

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता सापळा. ज्येष्ठ नागरिकासाठी शब्द आहे 'पेर्सॉनाजे', म्हणजे 'वयस्कर व्यक्ती'. 'पेर्सॉन' हे नाम स्त्रीलिंगी आहे, कायमचं. त्यामुळे तुमचे मिशाळ आजोबासुद्धा 'युन पेर्सॉनाजे', दोन 'ई'सकट. विशेषण माणसाच्या लिंगाकडे बघत नाही, नामाच्या लिंगाकडे बघतं. बुचकळ्यात पडायचं कारण नाही, मराठीतही 'व्यक्ती' स्त्रीलिंगीच आहे. 'ते मोठी व्यक्ती आहेत' असं आपण आजोबांबद्दल सहज म्हणतो. उलट 'बेबे' (बाळ) पुल्लिंगी, मग पाळण्यात मुलगी का असेना. मराठीत बाळ नपुंसकलिंगी असल्यामुळे आपल्याला तडजोडीची सवय आहे. फ्रेंचमध्ये तिसरं लिंगच नाही. आपलं 'मूल' तिथे 'आँफाँ', आणि तो मुलगा असेल तर 'अँन', मुलगी असेल तर 'युन'.

'लोक' या अर्थाचा 'जाँ' तर विक्षिप्तपणाचा कळस आहे. विशेषण त्याच्या आधी आलं तर स्त्रीलिंगी, नंतर आलं तर पुल्लिंगी. म्हातारी माणसं 'ले व्ह्येय जाँ' (स्त्रीलिंगी), पण 'ले जाँझाजे' (पुल्लिंगी). पहिल्या वर्षी हे फक्त वाचून सोडून द्या. कुणी विचारणार नाही.

५. थोरला, धाकटा, शेंडेफळ

इथे मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. इंग्रजीत भावंडांचा क्रम सांगताना अडखळायला होतं. मराठीत आणि फ्रेंचमध्ये त्यासाठी वेगळे शब्द तयार आहेत.

थोरला 'एने', थोरली पण 'एने', लिहिताना एक 'ई' जास्त. 'आय'वर टोपी असते. १९९० च्या शुद्धलेखन-सुधारणेनंतर टोपीशिवायही चालते, तेव्हा दोन पुस्तकांत दोन तऱ्हा दिसल्या तर गोंधळू नका. धाकटा 'कादे', धाकटी 'कादेत'. आणि शेंडेफळ 'बँजामँ', मुलगी असेल तर 'बँजामीन'. बायबलमधल्या याकोबाच्या सगळ्यात धाकट्या मुलाच्या नावावरून हा शब्द आला. तीन भावंडं असतील तर थोरला एने, मधला कादे, शेवटचा बँजामँ. हे शब्द नामानंतर येतात: थोरला भाऊ 'फ्रेर एने', धाकटी बहीण 'सर कादेत'. ('सर' म्हणजे बहीण. शाळेतल्या सरांना हे सांगू नका.)

घरगुती बोलण्यात मात्र 'ग्राँ फ्रेर' आणि 'ग्राँद सर', 'पती फ्रेर' आणि 'पतीत सर' हेच जास्त ऐकू येतात. ही हाक मारायची नावं नव्हेत. दादा, ताई असं काही तिथे नाही, थोरल्या बहिणीलाही नावानेच हाक मारतात. माझ्या ताईला तिकडे बोलावलं तेव्हा माझी फ्रेंच मैत्रीण तिला 'ताई' हेच तिचं नाव समजून बसली.

मोठा सापळा 'मोठी' या शब्दात आहे. 'ती माझ्यापेक्षा मोठी आहे' याचं शब्दशः 'एल ए प्ल्यू ग्राँद क म्वा' केलंत तर अर्थ होतो 'ती माझ्यापेक्षा उंच आहे'. वयाने मोठी हवी असेल तर 'प्ल्यूझाजे'. लहानसाठी 'प्ल्यू जन'. 'प्ल्यू पतीत' म्हटलंत तर ती बुटकी होते. किती वर्षांनी मोठी हे सांगायला पुन्हा 'जवळ असणं' कामी येतं: तिच्याजवळ माझ्याहून दोन वर्षं जास्त आहेत, 'एला दोझाँ द प्ल्यूस क म्वा'.

आणि आजी 'ग्राँ-मेर' का, 'ग्राँद-मेर' का नाही? जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्राँ' दोन्ही लिंगांत एकच होता, आजीच्या नावात तो तसाच टिकून राहिला.

६. नवा, नवा कोरा आणि माजी

'नूव्हो' म्हणजे नवा, 'नफ' म्हणजे नवा कोरा. जुन्या बाजारातून घेतलेली गाडी तुमच्यासाठी 'नूव्हेल' असू शकते, शोरूममधली मात्र 'नव्ह' (नफचं स्त्रीलिंग). माणसाला नफ म्हणत नाहीत. पॅरिसचा 'पों नफ', नवा पूल, १६०७ मध्ये बांधून झाला आणि आज शहरातला उभा असलेला सगळ्यात जुना पूल तोच आहे. आपल्या शनिवारवाड्याजवळच्या नव्या पुलाची आठवण पुणेकरांना येईलच.

'आँस्यँ' नामाआधी आला तर माजी, नंतर आला तर पुरातन. माजी विद्यार्थी 'आँस्येनेलेव्ह', जुन्या काळचं फर्निचर 'म्यब्ल आँस्यँ'. १७८९ च्या क्रांतीआधीची राजवट ती 'आँस्यँ रेजीम', म्हणजे गेलेली.

नवजात बाळासाठी 'नूव्हो-ने'. मुलगी असेल तर फक्त शेवटच्या 'ने'ला 'ई' लागतो. 'नूव्हेल' करायचं नाही, कारण इथे 'नूव्हो'चा अर्थ 'नुकतंच' असा आहे.

७. आदरार्थी बहुवचन घरी ठेवा

आपण 'आजी आता म्हाताऱ्या झाल्यात', 'बाई, तुम्ही अजून तरुण आहात' म्हणतो. एकच माणूस, पण आदरापोटी सगळंच बहुवचनात. फ्रेंचमध्येही 'तुम्ही'साठी 'व्हू' आहे आणि क्रियापद बहुवचनी होतं, म्हणून आपला हात आपोआप विशेषणाला 'एस' लावायला जातो. थांबा. समोर एकच व्यक्ती असेल तर विशेषण एकवचनीच राहतं, लिंग मात्र त्या व्यक्तीचं. एका बाईला 'तुम्ही वयाने मोठ्या आहात' लिहिताना दोन 'ई', 'एस' नाही. आणि आजोबांबद्दल बोलताना तर क्रियापदही एकवचनीच. फ्रेंच आजोबा 'तो'च असतात, त्यात अपमान नाही.

आई आणि वडील दोघांबद्दल एकत्र बोलताना पुल्लिंगी बहुवचन. वीस बायका आणि एक पुरुष असला तरी तेच. यावर फ्रान्समध्येही वाद चालू आहेत. परीक्षेत मात्र वाद घालू नका.

८. अर्ज आणि पाट्या

फ्रेंच अर्जावर जन्मतारखेच्या रकान्यात 'ने' लिहिलेलं असतं आणि पुढे कंसात एक 'ई'. म्हणजे 'जन्मलेला/जन्मलेली'. स्वतः पूर्ण वाक्य लिहायची वेळ आली, समजा पत्रात, तर कंस उतरवू नका. बाईने 'ई' लावायचा, पुरुषाने नाही. तारीख आपल्यासारखीच: दिवस, महिना, वर्ष.

'माजर' म्हणजे सज्ञान, १८ पूर्ण. १९७४ आधी फ्रान्समध्ये ही मर्यादा २१ होती. 'मिनर' म्हणजे अज्ञान, दारूच्या दुकानातल्या पाटीवर दिसेल. त्याच शब्दाचा अर्थ खाणकामगार असाही होतो. माझा एक वर्गमित्र बराच काळ समजत होता, की फ्रान्समध्ये खाणकामगारांना दारू विकत नाहीत.

'म्वँ द व्हँ-सीझाँ' म्हणजे २६ पेक्षा कमी वयाचे, तिकीटखिडकीवरचा लाडका शब्दप्रयोग. लूव्हर संग्रहालयात १८ च्या आतल्या सगळ्यांना, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या २६ च्या आतल्यांना प्रवेश फुकट असतो, तेव्हा तिथे शिकायला गेला असाल तर वास्तव्याचा कागद खिशात ठेवा. रेल्वेच्या सवलत-कार्डात 'जन' म्हणजे १२ ते २७ आणि 'सेन्योर' म्हणजे ६० च्या पुढचे. बसमधल्या राखीव जागेच्या पाटीवर 'पेर्सॉनाजे' भेटेलच, तेव्हा तो स्त्रीलिंगी 'ई' शोधून बघा.

९. आता तो फोटो काढा

फोटोतल्या प्रत्येकाबद्दल तीन वाक्यं लिहा: आकडा, विशेषण, तुलना. आधी नामाखाली त्याच्या लिंगाच्या रंगाने रेघ मारा, मग विशेषण त्याच रंगात लिहा. रंग जुळला नाही की चूक डोळ्यांत भरते. दोन आठवडे केलंत तर पेन बदलायची गरज उरत नाही.

तपासून बघायला चार वाक्यं देते. उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

'माझी थोरली बहीण चाळीस वर्षांची आहे.' — मा सर एने आ काराँताँ. 'एने'ला जादा 'ई'. ती नेमकी किती वर्षांची हे सांगायचं नसेल तर 'एला ला काराँतेन', ती चाळिशीत आहे. (डोळ्यांवर लावायची चाळिशी मात्र फ्रेंचमध्ये नाही.)

'तो एक म्हातारा माणूस आहे.' — सेतँ व्ह्येयॉम. 'आय-एल'वर थांबलात ना?

'माझे आजोबा वयस्कर व्यक्ती आहेत.' — मों ग्राँ-पेर एत्युन पेर्सॉनाजे. दोन 'ई', मिशा असल्या तरी.

'बाळ छोटी आहे.' — ल बेबे ए पती. 'पतीत' लिहिलं असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा.